करुणाचा सत्कार

आळशी भाऊ कचरूस, कडूताईचा जय भीम.

आम्ही मजेत हाओत. भावजय अजून वरडती का तुझ्यावर? फोनवर करुणा ऐकती, म्हणून लिव्हते.

तिला कॉलेजात शिष्यवृत्ती लागली. फी माफ, बदल्यात वस्तीत काम करायचं, पुढारपण शिकायचं. पोरगी शिकली बी! पडेगावात बायका जमवून पाणीचोराचा टँकर अडवला.

काल तोच टँकरवाला घरी आला. लई गोड बोलला. पुढल्या रविवारी त्याच्या शेतावर करुणाचा शाल-नारळ देऊन सत्कार हाय म्हणं. "अजून कोण येणार?" म्या विचारलं. हसून म्हणला, "एकलीलाच पाठवा."

करुणा म्हणती, "भ्याले तर कसली पुढारी? जाणारच."

सत्काराला टाळ्या वाजवायला माणसं लागतात, कचरू. शनिवारीच जीप भरून घेऊन ये.

दारात उभी असलेली,
तुझी कडूताई