आबांची फळी

लालबाग,
ता. २२ जानेवारी १९८४

प्रिय बकुळाक्का,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. नाचणीचं पीठ आणि सुकटही पोचली. सुकट आल्याचं अख्ख्या मजल्याला वासानेच कळलं, आणि शेजारच्या राधाबाई वाटी घेऊनच दारात उभ्या राहिल्या. भावजींचा खोकला आता बरा असेल. आबांना गावी कधी पाठवतेस, असं तू पुन्हा विचारलंस. सांगते, पण आधी बाकीचं सांगू दे.

माझं प्रदर्शन ठरलंय! पहिलंच. फेब्रुवारीच्या शेवटी, फोर्टातल्या एका गॅलरीत. कर्णिकबाईंनी माझ्यासाठी शब्द टाकला. रे रोडच्या लाकडाच्या वखारींमागे त्यांची कुंभारकामाची शेड आहे. सकाळी शाळेत चित्रकला शिकवून झाली की मी दुपारी तिथे चाकावर बसते. मडकी करायला कॉलेजात कशाला गेलीस, म्हणून चिडवायचीस ना मला? आता येऊन बघच.

काय करते सांगू? बॉबिनी. मातीच्या, हातभर उंच, आतून पोकळ, वर बाटलीसारखं बारीक तोंड. कप नि फुलदाण्या करून मी कंटाळले होते. छान व्हायच्या, पण दुसऱ्याच कुणीतरी केल्यासारख्या वाटायच्या. एकदा आबांच्या पेटीत मिलमधली, सूत गुंडाळायची जुनी बॉबिन हाताला लागली. वाटलं, लहानपणापासून घरात हाच तर आकार बघत आलो आपण. पहिल्या काही चाकावरच बसल्या. मग एक उभी राहिली. आबा तिच्याभोवती फिरून म्हणाले, "जरा जाडी झालीय, पण आमच्या खात्यातलीच हाय." संप सुरू झाल्यापासून मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं.

संपाला दोन वर्षं झाली. आबा आधी रोज गेटवर जायचे आणि पुढच्या महिन्यात मिल चालू होणार, हे ऐकून परत यायचे. मग भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, "काम न्हाय तर भूक कसली?" मला ते बघवेना, म्हणून मीच त्यांच्या हातात शेडची किल्ली दिली. आता सकाळी पहिल्या पाळीला निघाल्यासारखे डबा घेऊन निघतात. शेड झाडतात, माती भिजवतात. वखारीतल्या लोकांना सांगतात, मी हितं कामाला असतो.

डिसेंबरात भट्टी लावली. कच्चं भांडं भट्टीत जाण्याआधी खडखडीत वाळलेलं लागतं. पोटात ओल राहिली तर तिची वाफ होते आणि भांडं फुटतं. माझ्या बॉबिनी शेडमधल्या फळीवर, सावलीत सावकाश वाळवलेल्या होत्या. बाहेरून हात फिरवून बघितल्या, सगळ्या कोरड्या. भट्टी तापू लागली आणि आतून फटाफट आवाज यायला लागले. मी भट्टी बंद केली आणि तिच्यासमोर खाली बसले. सगळा माल गेला.

काय चुकलं ते मला कळेना. माती नीट मळली नसेल, म्हणून स्वतःलाच शिव्या घालत होते. तेवढ्यात आबांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "रडू नको, मालू. मी रोज सकाळी पाणी मारीत व्हतो म्हणून हितवर तरी आल्या. न्हायतर फळीवरच तुटल्या असत्या. कोरडं पडलं की तुटतंच."

अक्का, सगळी उमर त्यांनी सूत कातायच्या रिंगखात्यात काढली. तिथे हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून ओल धरून ठेवायची. त्यांनी चाळीखालच्या इस्त्रीवाल्याकडून फवारा मागून आणला होता आणि एकेका बॉबिनीच्या तोंडातून ते आत पाणी मारत होते. मी दुपारी पोचेपर्यंत बाहेरून सगळं वाळलेलं असायचं.

सांगायला मी तोंड उघडलं होतं गं. पण ते इतक्या मायेने बघत होते की मी नुसती मान डोलावली. कर्णिकबाई म्हणाल्या, "मालन, त्यांना स्पष्ट सांग, नाहीतर किल्ली काढून घे." बाईंचं काही चुकत नाही. पण किल्ली घेतली की आबा परत भिंतीसमोर बसणार. मिलने एकदा बाहेर ठेवलंय, आता मीही ठेवू? मला प्रदर्शन हवंय आणि आबाही हवेत, आणि माझं कुठेच काही चालत नाही.

शेवटी काय केलं ते ऐक, आणि मला नावं ठेवू नकोस. नव्या बॉबिनी मी शिवाजी पार्कला कर्णिकबाईंच्या घरी नेल्या, मांडीवर धरून, टॅक्सीतून, आणि तिथे वाळवल्या. शेडमधल्या फळीवर दुसऱ्याच काही बॉबिनी करून ठेवल्या. त्या फक्त आबांनी पाणी मारण्यासाठी. त्या भट्टीत कधीच जायच्या नाहीत.

परवा भट्टी भरली. आज उघडली, तर एकही फुटलेली नाही. एवढं मनासारखं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि मला जरासुद्धा आनंद झाला नाही.

कारण परवा भरून झाल्यावर आबांनी आपल्या फळीकडे बोट केलं. "आन् ह्या?"

मी म्हटलं, "ह्या पुढच्या महिन्यात, आबा."

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. हेच तर ते दोन वर्षं गेटवर ऐकत आलेत. त्यांनी एकदा भरलेल्या भट्टीकडे, एकदा फळीकडे बघितलं. मग "बरं" म्हणाले, नळावर जाऊन फवारा भरून आणला आणि पाणी मारायला लागले. त्यांना कळलं की नाही, मला सांगता येत नाही. विचारायची छाती होत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. काल रात्री जेवताना मी म्हटलं, अक्का बोलावतेय, थोडे दिवस जाऊन या. तर मान हलवून म्हणाले, "कसा जाऊ? माझी फळी भट्टीला लागायची हाय अजून. बकुळेला लिव, पुढच्या महिन्यात येतो."

त्यांनी सांगितलं तसं लिहिलंय. तू वाट बघू नकोस.

तुझी,
मालू