पाच तासांच्या अंतरावरून

जेद्दा, ७ फेब्रुवारी १९९१

प्रिय हाजरा,

सलाम. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र जमालुद्दीनच्या हाती देतो आहे. दाभोळचाच तो, माझ्याच खोलीत राहतो. उद्याच्या विमानात त्याला जागा मिळाली. आधी खुशाली लिहितो. मी धडधाकट आहे. रॉकेटं रियाधकडे पडतात, आमच्यापर्यंत नुसत्या बातम्या येतात. तरी बलदच्या जुन्या बाजारातल्या आमच्या दुकानाच्या काचांवर टेपच्या फुल्या मारल्यात आणि अत्तर घ्यायला कुणी फिरकत नाही.

तुझी तार परवा मिळाली. अम्माने अन्न सोडलं एवढंच त्यात होतं, पण समजायचं ते मी समजलो. गेल्या ईदनंतर निघताना ओटीवर सगळ्यांसमोर मी किती फुशारकी मारली होती, आठवतं ना? जेद्दा ते मुंबई साडेतीन हजार किलोमीटर, विमानाला जेमतेम पाच तास, आपल्या एसटीला मुंबई गाठायला त्याच्या दुप्पट लागतात. अम्मा म्हणाली होती, "बदरू, तुझा खांदा लागल्याशिवाय मी या घरातून हलायची नाही." मी हसत हो म्हटलं. मूर्खच मी. इथला माणूस विमानतळावरून निघत नाही, कफीलच्या तिजोरीतून निघतो. आपल्या खिशात नुसता इकामा, इथे राहायचा परवाना; पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे मालकाकडे. बारा वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं की प्रवासाच्या हिशेबात धरायचंच राहून गेलं.

लढाई पेटताच माझा कफील बायकामुलांना घेऊन अभाच्या डोंगरात गेला, तिजोरीची किल्लीही घेऊन गेला. दोन दिवस फोन लावतोय. काल त्याच्या भावाच्या दारात जाऊन बसलो. भला माणूस, चहा पाजला, खजूर पुढे केले आणि उद्या बघू म्हणाला. जमालुद्दीनचा मालक गावातच होता, त्याने मागताक्षणी पासपोर्ट काढून दिला. खरं सांगतो, मला जमालुद्दीनचा हेवा वाटला. मग त्याची बॅग मीच बांधून दिली.

आपल्या मोहल्ल्याची रीत तुला ठाऊक आहे. परदेशातल्या मुलासाठी मय्यत थांबवतात. मेहमूदचाचांना दोन दिवस बर्फावर ठेवलं होतं, मुलगा जेद्द्याहून निघालाय या आशेवर. चाचांचा तो चेहरा मी पाहिला आहे. माझ्या अम्माचा तसा व्हायला नको.

म्हणून हे लिहितोय. अम्माने विचारलं तर बदरू विमानात बसला म्हणून सांग. तुला खोटं बोलायला लावतोय, त्याचा गुन्हा माझ्या माथी. तिचं बरंवाईट झालं की मात्र कुणी थांबू नका. खांद्याला माझ्या धाकट्या भावाला, कादिरला पुढे कर आणि त्याच दिवशी दफन उरका. मोहल्ला बोलेल. बदरूनेच सांगितलंय म्हणावं. आणि हे पत्र हातात पडेल तेव्हा तुम्ही सगळे माझीच वाट बघत बसला असाल, तर इथपर्यंत वाचलंस ते पुरे. कागद मिट आणि अम्माला उचलायला सांग.

तुझाच,
बदरुद्दीन