खाणीतला पोप

अप्पा,

ख्रिस्ती शाळेत कपाळाला गंध लावून तुम्ही इतिहास शिकवायचात, आणि नववीच्या पोरींना दर वर्षी त्या जुन्या पोपची गोष्ट सांगायचात. मीही त्याच वर्गात बसून ती ऐकली. रोमच्या बादशहानं त्याला, आणि त्याच्याशी भांडून वेगळ्या झालेल्या दुसऱ्या धर्मगुरूला, एकाच बेटावरच्या खाणींत धाडलं. तिथून कुणी परत येत नसे. आपल्यापायी गादी रिकामी राहू नये म्हणून पोपनं पद सोडलं. पुढं दोघांचं भांडण मिटलं म्हणतात, आणि दोघंही तिथंच मेले. इथवर आलात की तुमचा गळा दाटायचा. त्याच गळ्याला पुढं कॅन्सर झाला.

तंजावुरात घरोघरी केबल आली ती ही वर्षं. शनिवारी आपल्या भजनमठात माणसांपेक्षा समयाच जास्त. तुमचे धाकटे भाऊ, माझे काका, म्हणाले की पोरांना मराठी अभंग कळत नाहीत, दोन तमिळ गाणीही घेऊ. तुम्ही त्यांच्याशी बोलणंच टाकलंत. मग आवाज फुटेना, तरी चिपळ्या सोडल्या नाहीत. चिपळ्या ज्याच्या हाती त्यानंच भजन सुरू करायचं, हा आपला रिवाज. म्हणून उत्सवातही तुमची जागा रिकामी आणि भजन बंद. आई नुसता दिवा लावून घरी यायची.

दवाखान्यात काका आले तो दिवस अजून समोर आहे. तुम्ही उशीखाली हात घालता, चिपळ्या तिथंच असतात. काका वाकून म्हणतात, "अण्णा, चिपळ्या मला नकोत. एक वेळ माझ्याकडं बघा, पुरे." तुम्ही भिंतीकडं तोंड फिरवता. काका दाराकडं जातात, निघून जातात, तरी तुमचं तोंड भिंतीकडंच. ती गोष्ट इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना सांगितलीत, अप्पा. मला तुमचा फार राग आला, आणि तो तुमच्याबरोबर जळला नाही.

गेल्या महिन्यात काका त्याच दवाखान्यात होते. मी कांजी भरवत होते. मध्येच माझा हात धरून त्यांनी विचारलं, "मी दाराकडं गेल्यावर तरी अण्णा बघितले की गे?"

मी हो म्हटलं. बराच वेळ बघत होते, म्हटलं. काकांनी उरलेली कांजी संपवली.

परवा तेही गेले. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, पण सांगितल्यावाचून राहवेना. तिकडं भेट झालीच, तर मला खोटी पाडू नका.