शेवटच्या मॅचची रिकामी ओळ

प्रिय बाबा,

काल युनिव्हर्सिटीने मुलींची बास्केटबॉल टीम बंद केली. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून लिहिते आहे. कुणाकडून कळणार होतं म्हणा!

मीटिंगला तुमची वही घेऊन गेले होते. कोच मी, पण टीमचा इतिहास तुमच्याकडे. प्रत्येक सीझन, लीगमध्ये वर कधी चढलो, खाली कधी आपटलो, लीड्सजवळच्या टीम सोडून मँचेस्टरवाल्यांच्या गटात कधी ढकलले गेलो, सगळं तुमच्या त्या डॉक्टरी अक्षरात. समोर बसलेल्या युनिव्हर्सिटीच्या बाईंनी चार पानं उलटली. "इट्स लव्हली, रिअली," म्हणाल्या. मग निर्णय वाचून दाखवला. मुली माझ्याकडे बघत होत्या आणि मी वही उचलून पिशवीत टाकली. तुम्ही भांडला असतात ना?

बुधवारी दुपारी मॅच, म्हणून तुम्ही हॉस्पिटलमध्ये ड्युटी बदलून घ्यायचात. मी खेळत होते तोवर ठीक. पण मी पास होऊन बाहेर पडले तरी तुमचं स्कोअररचं टेबल सुटलं नाही. आई चिडायची, "लेक घरी बसलीये आणि हे निघाले मॅचला!"

आणि तो तुमचा नियम! सीझनची शेवटची मॅच वहीत लगेच लिहायची नाही. ओळ रिकामी ठेवायची आणि ऑक्टोबरात, नव्या सीझनच्या पहिल्या बुधवारी भरायची. "घरातून निघताना आपण 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो. तसंच हे," असं म्हणायचात. कसला हो हा नियम?

मे महिन्यात तुम्ही स्वतःच वॉर्डात पडून होतात, तेव्हा माझ्याकडून वही आणि पेन मागून घेतलंत. "शेवटची मॅच लिहून टाकतो गं."

मी रागावले. "बाबा, रूल्स आर रूल्स. ऑक्टोबरात लिहा."

तुम्ही हसून पेन परत दिलंत. दोन दिवसांनी गेलात. हट्ट का नाही केलात? तुम्हाला कळलं होतं, मलाही कळलं होतं. लिहू दिलं असतं तर माझं काय बिघडलं असतं!

आता ऑक्टोबर येईल, पण मॅच नसेल. मला काहीच वाचवता आलं नाही, बाबा. तुम्हालाही नाही आणि टीमलाही नाही.

तरी पहिल्या बुधवारी हॉलमध्ये जाणार आहे. बॅडमिंटनवाले खेळत असतील, खेळू देत. तुमच्या खुर्चीत बसून ती ओळ भरेन: एका पॉइंटने हरलो. त्याखाली 'समाप्त' मात्र लिहिणार नाही, वचन देते.

येते, बाबा.

तुमची,
मुक्ता