नाताळचं आमंत्रण आणि बिलकीसआपांचा टेम्पो

वाशीम,
जानेवारीचा पहिला आठवडा

प्रिय गोमतीमावशी,

तुझ्या संगीताचा सलाम. देवकृपेनं इकडे सगळे बरे आहोत. तुझे जावई जरा जास्तच बरे आहेत, कारण नाताळच्या करंज्यांचा डबा अजून रिकामा झालेला नाही. तुझे गुडघे कसे आहेत? अमरावतीची थंडी यंदा फार आहे असं ऐकते. सुनेकडून तेल चोळून घेतेस ना, की संकोच करतेस? (तुझ्याकडून संकोच होणार नाही म्हणा, पण विचारायची रीत आहे.) फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तर मावशी, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्राला मधेच अडवता येत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. चहा घेऊन बस.

दिवाळीनंतर आमच्या शेजारी नवीन माणसं राहायला आली. वकार, त्याची बायको निखत आणि वकारची आई बिलकीसआपा. निखतची इथल्या शाळेवर बदली झाली, ती विज्ञान शिकवते. वकार ट्रॅक्टरचा मेकॅनिक आहे. परभणीहून आले. घर शोधताना त्या दोघांचे फार हाल झाले. घर पसंत पडायचं, बोलणं व्हायचं, आणि नाव सांगितलं की घरमालकाचा पुतण्या एकाएकी पुण्याहून कायमचा परत यायचा. (वाशीमचे इतके पुतणे पुण्यात आहेत, हे मला तेव्हा कळलं.) आमच्या शेजारी बस्तान बसलं खरं, पण बिलकीसआपा काही घराबाहेर पडेनात. सकाळी दारात उभं राहून रस्ता बघायच्या आणि कुणी येताना दिसलं की आत जायच्या. म्हाताऱ्या माणसानं नव्या गावात असं दाराआड राहावं, हे मला बघवेना. मी ठरवलं, यंदा चर्चच्या आवारातल्या नाताळच्या प्रीतिभोजनाला हे कुटुंब येणार, आणि सन्मानानं येणार.

तुझे जावई म्हणाले, "मंग जा ना, बोलाव. भिंतीपलीकडं तं रायतात." पुरुषांना एवढंच कळतं. बोलावणं आणि सन्मानानं बोलावणं यात केवढा फरक आहे! सन्मानाला तयारी लागते. मी महिला मंडळाची बैठक घेतली आणि सगळी तयारी अंगावर घेतली. (दुसऱ्या कुणी घेतली नसती असं नाही, पण मी विचारण्याइतका वेळ दिला नाही.)

पहिला प्रश्न पडद्याचा. त्यांच्यात बायका वेगळ्या बसतात, असं मला पक्कं ठाऊक होतं. कुणी सांगितलं होतं ते आता आठवत नाही. नाटिकेचा जुना मरून पडदा काढला, धुतला आणि त्यांच्यासाठी कोपऱ्यात दोऱ्या बांधून जागा आखली. दुसरा प्रश्न जेवणाचा. मटन म्हटलं की हलालचं आलं, त्यात चूक झाली तर? म्हणून मी मटनच रद्द केलं आणि वांग्याची भाजी जाहीर केली. चर्चचे कारभारी अमरदीपभाऊ तुला ठाऊकच आहेत. एरवी मुकाट्यानं सतरंज्या मोजणारा माणूस, पण त्या दिवशी बैठकीच्या दारात येऊन उभा राहिला. "तारणाऱ्याचा जन्म झाला अन् आमी वांगं खावं काय?" असं म्हणाला. तिसरा प्रश्न गाण्यांचा. त्यांचं मन दुखू नये म्हणून मी सगळ्या नाताळगीतांमधून येशूचं नाव गाळलं. पाळकसाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "संगीताताई, आता यात फक्त ढोलकी उरली." मी म्हटलं, ढोलकीनं कुणाचं मन दुखत नाही.

आता उरलं आमंत्रण. भिंतीपलीकडून उर्दू ऐकू यायची, तेव्हा आमंत्रण उर्दूतच द्यायचं हे उघड होतं. (वकारशीही मी पहिल्या दिवसापासून हिंदीतच बोलत होते, म्हणून तोही बिचारा हिंदीतच उत्तर द्यायचा.) टीव्हीवरच्या मालिकांतून चार वाक्यं उचलली, भाकऱ्या थापताना घोकली आणि नवी साडी नेसून गेले. घरी एकट्या बिलकीसआपाच होत्या, सुपारी कातरत बसलेल्या. मी उभ्यानंच सांगितलं, "पच्चीस तारीख को आप सब लोग तशरीफ ले जाइए. पूरे मंडल ने मिलके तय किया है."

अडकित्ता थांबला. माझ्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "जी. अच्छा."

मला वाटलं, बाई भारावल्या. घरी येऊन मी तुझ्या जावयांना सांगितलं, सन्मान असा करतात. आणि दोन करंज्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारासमोर टेम्पो उभा. कपाट चढलं होतं, गाद्या चढल्या होत्या, वकार दोरी आवळत होता. मला आधी रागच आला. आपण एवढी वांगी आणून ठेवायची आणि यांनी ऐन वेळी गावाला जायचं! तेवढ्यात अमरदीपभाऊ सायकलवरून उतरले. "ताई, तुमचे पाव्हणे तं निघाले. मंग मटन आनू काय?" असं त्यांनी फार आशेनं विचारलं.

निखत बाहेर आली. डोळे कोरडे, पण ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. आणि मावशी, ती मराठीत बोलली. स्वच्छ, फळ्यावर लिहिल्यासारख्या मराठीत.

"काकू, मंडळानं ठरवलं असेल तर आम्ही जातो. वाद घालणार नाही. पण आमचं काय चुकलं, तेवढं सांगा."

"जाता कुठं?" मी विचारलं.

"तुम्हीच अम्मीला सांगून गेलात ना, पंचवीस तारखेला सगळ्यांनी निघून जा म्हणून. सर्वांनी मिळून ठरवलंय म्हणून."

मी टेम्पोतल्या गादीवरच बसले; 'तशरीफ लाइए' म्हणायचं ते मी 'ले जाइए' म्हणून आले होते. तुझे जावई दारात उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी 'मी म्हणत होतो ना' असं म्हटलं नाही, म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल बघ. उर्दू, हिंदी, शाळेतली शुद्ध मराठी, सगळं डोक्यातून उडालं आणि आईच्या घरची भाषा तेवढी तोंडात राहिली. बिलकीसआपा उंबरठ्यात आल्या होत्या. मी उठून त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "या म्हनाचं होतं मले! जा नाई, या! जेवाले या, नाताळच्या जेवाले!"

त्या म्हणाल्या, "मंग माय, 'जेवाले या' म्हनाले काय झालं होतं तुले? मी इथल्याच इंझोरीची हाव. परभणीले तं पोरामांगं गेली, जनम गेला माहा वऱ्हाडात. तू मले उर्दू कायले शिकवून राह्यली?"

आणि हसायला लागल्या. टेम्पोवाला हसला, वकार दोरी सोडून हसला, अमरदीपभाऊ तर सायकल पाडून हसले. मी नाही हसले. कारण हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "कोनी निघा म्हटलं की मी आता ईचारतच नाई, माय. आधी सामान बांधतो."

मावशी, मी जाऊन टेम्पोतली गादी स्वतः खाली ओढली. (हे तुला खोटं वाटेल, पण तुझ्या जावयांची साक्ष आहे.)

मग तिथेच, उतरवलेल्या गादीवर बसून, मी त्यांना एकेक गोष्ट विचारली. पडदा? "पडदा कायले? मी का नाटकात काम करतो?" गाणी? त्यांनी कपाळाला हात लावला. "बीबी मरियमचं लेकरू आमाले परकं हाय काय? त्याच्या सनाले त्याचंच नाव काढून टाकता? तुमी तुमचं गानं गा. आमी आयकू. प्रार्थनेत बसनार नाई, जेवाच्या टायमाले येऊ." आणि वांगं? "वांग्यानं मले अंगभर खाज सुटते." मटनाचं विचारलं, तर म्हणाल्या, हलाल नसेल तर आम्ही वरणभात खाऊ, आमच्यासाठी कुणाचं जेवण बदलू नका. तेव्हा अमरदीपभाऊ सायकल उचलत म्हणाले, "पन आपन मटन आनतो कोनाकडून? रहमतभाईकडून. दरसाल हलालच तं खाऊन राह्यलो आपन. कोनी मले ईचारलं काय?" खरंच कुणी विचारलं नव्हतं. तरी बिलकीसआपांनी वकारला जाऊन खात्री करून घ्यायला सांगितलं, आणि ते मला आवडलं. मी तरी माझं जेवण अमरदीपभाऊंच्या शब्दावर सोडलं नसतं.

नाताळला उपासना संपल्यावर तिघं आली. बिलकीसआपांच्या हातात शेवयांचं पातेलं होतं. आधी दाराजवळच्या खुर्चीवर अवघडून बसल्या. मग किराणा दुकानवाल्या अंगुरीबाईंनी (त्या जैन आहेत, आमच्या भोजनाला घरून आपला डबा घेऊन येतात, कुणाला काही वाटत नाही) त्यांना आपल्याशेजारी ओढून घेतलं. गाणी झाली, नावासकट झाली. मटन वाढताना आपांनी मसाल्यात दगडफूल कमी पडल्याचं सांगितलं आणि बायकांच्या पंगतीत जोराचा वाद पेटला. तिथून पुढे त्यांना कुणी पाहुणी समजलं नाही. दुपारच्या नमाजासाठी निखतनं जागा विचारली, पाळकसाहेबांनी शब्बाथशाळेची खोली उघडून दिली. आमच्या मंडळातल्या रंजीताला मात्र राहवलं नाही. तिनं विचारलंच, "मंग आता तुमी दर रविवारी येसान?" आपा म्हणाल्या, "जेवन दर रविवारी असते काय?" रंजीतानं त्यांना आणखी मटन वाढलं.

आता बिलकीसआपा सकाळी दारात उभ्या राहत नाहीत. रस्त्यात उभ्या राहतात आणि भाजीवाल्याशी भांडतात. एकूण काय, कार्यक्रम माझ्या योजनेप्रमाणे उत्तम पार पडला. फक्त योजना थोडी बदलावी लागली.

देव तुला आणि तुझ्या गुडघ्यांना सुखात ठेवो.

तुझीच,
संगीता

ता. क. वांग्याची भाजी तुझे जावई तीन दिवस खात होते. तक्रार नाही.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचं मूळ कारण राहूनच गेलं. ही माणसं शेजारी राहतात म्हणजे तुझ्याच घरात राहतात. घर रिकामं पडून राहण्यापेक्षा कुणाला तरी द्यावं, पण आपल्याच माणसांना दे, असं किल्ली देताना तू बजावलं होतंस. तेव्हा ती आपली होती की नाही हे सांगता आलं नसतं, म्हणून तुला कळवायला मी जरा थांबले. आता आहेत. घर त्यांच्याकडेच राहू दे. आणि ईस्टरला येशील तेव्हा त्यांना रागावू नकोस, मला रागाव. पण जेवण झाल्यावर.

ता. क. शेवटचा. तुझ्या स्वयंपाकघराला आपांनी पिस्ता रंग दिलाय. तुला पिस्ता फार आवडतो, असं मी त्यांना तुझ्या वतीनं सांगून टाकलंय.