पलंगामागची भिंत

ला होयिता, न्यू मेक्सिको
२४ जून

प्रिय अदेलिना,

पाकीट फाडून न टाकता उघडलंस, हेच पुष्कळ झालं. चौदा वर्षांत नाताळाच्या कार्डाखेरीज मी तुला काही धाडलं नाही, तेव्हा माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, बाबा गेले. बाबा जिवंत आहेत. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. फेब्रुवारीत अंगणातल्या बर्फावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. हाड बसवलंय, पण अजून पलंगावरच आहेत. जीभ तेवढी शाबूत आहे. परवा म्हणाले, घेवडा अळणी झालाय, म्हातारपणी तुझ्या हातातलं मीठसुद्धा गेलं.

मी फार घाबरलेय गं पोरी. त्यांच्या दुखण्याला नाही, त्यांच्या पलंगामागच्या भिंतीला.

एप्रिलात बर्फ वितळला तेव्हा पलंगाखाली झाडताना केरात बारीक माती यायला लागली. रोज थोडी थोडी, चाळलेल्या पिठासारखी. मी म्हटलं, असतील उंदीर. मग भिंतीला उशीच्या उंचीपर्यंत पांढरा, खारट लोणा चढला, खोलीला तळघराचा वास यायला लागला. बाहेरून बघावं तर मातीच्या भिंतीवरचं सिमेंट जसंच्या तसं, कुठं टवका नाही. फक्त पन्हळीखाली एक चीर, केसाएवढी. बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत गेले, तर लायलॅकच्या झुडपामागे ढप्प ढप्प आवाज. बाबांचा पेचकस आणला, जोत्याजवळचा एक तुकडा उचकटला. आतून माती भळकन बाहेर आली. ओली! जून महिन्यात, इतक्या उन्हात, कणीक भिजवलेली असावी तशी ओली. पेचकस मुठीपर्यंत आत गेला आणि त्याला कुठं वीट म्हणून लागली नाही. तिथंच झुडपात बसून राहिले.

आपल्या शेजारच्या तोमासिताची मागची भिंत मे महिन्यात गेली. तिचंही घर आपल्यासारखंच कच्च्या विटांचं, वरून सिमेंटचं. ती दोरीवर कपडे वाळत घालत होती, म्हणून वाचली. सांगत होती, आधी आतली माती खाली बसली, आणि नुसतं सिमेंट तारेच्या जाळीच्या आधारानं उभं राहिलं, आत काहीच नाही. मग तेही पडलं. तिची शेळी गेली. मला म्हणते, शेळीवर निभावलं. आपल्याकडे त्या जागी शेळी नाही, तुझे बाबा झोपतात.

शहरातून एक गिलावेवाला बोलावला होता. त्यानं कमरेवर हात ठेवून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, आजी, आणखी जाड जाळी ठोकू, वरून एक थर चढवू, पन्नास वर्षं बघायला नको. मी म्हटलं, बाळा, मेलेल्याला नवा कोट घालून तो उठून बसतो का? तो हसला आणि गेला. तोमासिताला हाताशी घेऊन मी बाहेरून दोन ओंडक्यांचे टेकू लावलेत. दोन म्हाताऱ्यांनी लावलेले टेकू ते, त्यांचा काय भरवसा. आणि जुलैची वादळं आता आठवड्यावर आली.

तू म्हणशील, पलंग हलव ना मग. सतरा वेळा सांगून झालं. स्वयंपाकघरात चुलीजवळ जागा केली, ऊब आहे म्हटलं. तर म्हणतात, तिथं काय बघत पडू, तुझं तोंड? चव्वेचाळीस वर्षं बघतोय. शेवटी मी रडून खरं काय ते सांगितलं, की भिंत आतून गेलीय. तर शांतपणे म्हणाले, ‘ठाऊक आहे. माझं डोकं त्याच भिंतीला असतं. आतून माती घसरते, ती मला ऐकू येते.’ अगं, दोन महिने हा माणूस ते ऐकत पडलाय! तेव्हापासून मी त्यांच्या खोलीत खुर्ची टाकून विणत बसते. पडलीच भिंत तर मी काय सुयांनी थोपवणार आहे? पण उठवत नाही.

तुला लिंपणाचे दिवस आठवतात का? आपण साऱ्या बायका डोक्याला फडकी बांधून, पुरुषांनी तुडवलेला माती-पेंढ्याचा गारा हातानं भिंतीवर फेकायचो. तू सात वर्षांची असल्यापासून माझ्या शेजारी. पेंढा किती घालायचा, ते तुला मुठीत माती धरून कळायचं. वरचा पांढऱ्या मातीचा हात मेंढीच्या कातड्यानं फिरवावा तर तूच. तोमासिता मला म्हणायची, एलोईसा, पोरगी तुझ्या पुढं गेली बरं का. मी वरवर तोंड वाकडं करायची आणि आतून फुलायची. आता तू ताओसकडं जुनी मातीची चर्चं दुरुस्त करतेस, हेही तिच्याकडूनच कळलं. गाडीनं दोन तासांची वाट आणि चौदा वर्षं.

तो दिवस मी विसरले नाही. तू चर्चचं लिंपण करून आलीस, कोपरापर्यंत मातीचे हात, आणि अंगणात सिमेंटचा ट्रक. भिंतींवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी ठोकून झालेली. तू बाबांवर किंचाळलीस, की मातीला श्वास लागतो, तुम्ही हे घर जिवंतपणी पुरताय. आईच्या हातचं काम तुम्ही खिळ्यांनी भोसकलंत. बाबा म्हणाले, घर माझं आहे, पटत नसेल तर या सिमेंटच्या घरात पाऊल टाकू नकोस. तू टाकलं नाहीस. आणि मी दारात उभी होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, तोंड शिवल्यासारखी.

अदेलिना, तो ट्रक मी बोलावला होता.

मनगटं सुजायची माझी. त्या वर्षी लिंपण झाल्यावर आठ दिवस मला वेणी घालता आली नाही. दर वर्षी भिंती धुपायच्या, दर वर्षी पुन्हा मी. सगळ्या गावात माझ्या हाताचं नाव, आणि मला त्या मातीचा वीट आला होता, हे कुणाला सांगू? तुला सांगू? तुला तर मीच ते शिकवलेलं. मी बाबांच्या मागं लागले, सिमेंट घाला, एकदाची सुटू दे मला. ते नको म्हणत होते. भिंत आत सडेल म्हणाले, तू नेहमी म्हणायचीस तेच. मी ऐकलं नाही, वर बजावलं, पोरीला सांगू नका मी म्हटलंय. त्यांनी नाही सांगितलं. त्या दिवशी नाही, आजवर नाही, रागाच्या भरात माझ्यावर ओरडतानाही नाही. मी वाट बघत होते, तुमचं आपोआप मिटेल. माझी अब्रू राहील आणि तुमचंही मिटेल. लाज वाटते लिहिताना.

काल दुपारी टपालाची गाडी फाटकाशी थांबली. ब्रेकचा आवाज झाला तसे बाबा त्या मोडक्या खुब्यानिशी कोपरांवर उठले, खिडकीशी मान ताणली आणि म्हणाले, ‘बघ गं, कोण उतरलं? बाईमाणूस आहे का?’ टपालवालाच होता. ते पाठीवर पडले आणि तेवढ्या धक्क्यानं भिंतीतून माती सळसळत खाली आली, या वेळी मीही ऐकली. मग म्हणाले, ‘स्वयंपाकघरातून रस्ता दिसत नाही, एलोईसा.’ एवढंच. म्हणून बसले लिहायला. जोत्याजवळचं सिमेंट कापून, भिंत सुकवून, एका वेळी हातभर तुकडा पोखरत नव्या विटा कशा भरायच्या, ते तुलाच येतं. तुझं लिंपणाचं मेंढीचं कातडं मी मऊ ठेवलंय. माझ्याशी भांडायचं ते सगळं भांड, पण नंतर, चुलीपाशी. येशील तेव्हा गाडी फाटकाशी आणू नकोस. लांब वळणावर थांबव आणि चालत ये, म्हणजे खिडकीतून तू त्यांना येताना दिसशील. मग पलंग हलवायला आपण दोघी पुरे.

तुझीच,
आई