निदाचा तक्ता सामानात जाण्यापूर्वी परत मिळण्याबाबत

प्रति,
माननीय अध्यक्ष,
श्री. इम्तियाज परकार,
सागरतीर मराठी मंडळ, कुवेत
(कार्यालय : हवल्ली)

दिनांक : शनिवार, २४ जानेवारी २०२६

विषय : अमेरिकेतील स्पॅनिश राजवटीच्या राज्यकारभाराचा तक्ता (एक नग) मंडळाच्या ताब्यातून परत मिळणेबाबत. अर्ज पाचवा.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. १४, २१ व २८ डिसेंबर आणि १८ जानेवारी.
२) मातृसंस्था, रत्नागिरी यांचे पत्र दि. १२ जानेवारी.
३) आपले फोनवरील उत्तर : "बाई, लेखी द्या, लेखी असल्याशिवाय मी काय करू?"

महोदय,

१. मी मंडळाची सभासद असून मीना अब्दुल्ला येथील एका खाजगी प्रयोगशाळेत तेलाचे नमुने तपासते. माझी मुलगी निदा दहावीत आहे. शाळेच्या इतिहासाच्या प्रकल्पासाठी तिने वरील विषयावर ८४ बाय ५९ सेंटिमीटरचा तक्ता केला. त्याच्या मागे शिक्षिकेची सही आहे. शाळा सही असलेलाच कागद स्वीकारते. जमा करण्याचा शेवटचा दिवस रविवार, १ फेब्रुवारी आहे. तक्ता न दिल्यास वीसपैकी शून्य गुण. एवढीच माझी अडचण आहे, आणि ती गेले सहा आठवडे एवढीच आहे.

२. शुक्रवार, १२ डिसेंबरच्या स्नेहसंमेलनातील मुलांच्या प्रदर्शनात हा तक्ता लावला होता. प्रदर्शनाच्या नियम ७ नुसार प्रत्येक वस्तूखाली मराठीत माहिती हवी. निदा घरी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते. तिने मला इंग्रजीतच विचारले, "मम्मी, लोकांना व्हाइसरॉय कसा समजावू?" मी म्हणाले, जे माहीत नाही ते माहीत असलेल्या गोष्टीवरून समजावावे. प्रयोगशाळेत नवीन आलेल्यांना मी हेच सांगते. येथे ते सांगणे चुकले. ही चूक माझी आहे, मुलीची नाही, हे नोंदवून घ्यावे.

३. त्यानुसार तिने प्रत्येक चौकटीखाली स्वतःच्या अक्षरात एकेक चिठ्ठी चिकटवली. तक्ता माझ्याकडे नसल्याने चिठ्ठ्या आठवणीने देत आहे :

राजा : आपली रत्नागिरीची मातृसंस्था. लांब असते. पत्राने बोलते.

इंडीज परिषद : मातृसंस्थेची परदेश समिती. कुवेत पाहिलेले नाही, पण कुवेतचे नियम करते.

व्हाइसरॉय : अध्यक्ष इम्तियाज चाचा. इथे राजासारखे, तिथे नोकर. (याखाली आणखी दोन ओळी होत्या, त्या मला आठवत नव्हत्या. त्यांचा उल्लेख पुढे येईल.) स्मरणिकेतून कापलेला आपला फोटो.

औदियेन्सिया : कार्यकारिणी. व्हाइसरॉयला सल्ला देते आणि त्याच्यावर लक्ष ठेवते.

कोरेहिदोर : विभाग प्रमुख. लोक फक्त यांनाच ओळखतात.

सगळ्यात खाली : वफ्राच्या शेतांवर काम करणारे काका लोक. मंडप तेच बांधतात. मत नाही.

उजवीकडे दोन वेगळ्या चौकटी होत्या. एक अशी : राजाचा हुकूम आला की अधिकारी तो डोक्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "मी मान देतो, पण अंमल करत नाही." दुसरी अशी : मुदत संपली की अधिकाऱ्याची चौकशी व्हायची. कोणीही तक्रार करू शकत असे, आणि ती निकालात निघेपर्यंत त्याला गाव सोडता येत नसे.

४. आपण तक्ता पाहून प्रथम प्रसन्न झाला होता, हे मी स्वतः पाहिले आहे. आपण त्याच्या शेजारी उभे राहून फोटोही काढून घेतलात. त्यानंतर सचिव श्री. शैलेश तोडणकर यांनी शेवटची चौकट मोठ्याने वाचली आणि वर म्हणाले, "साहेब, तुम्ही फेब्रुवारीत कायमचे चाललात ना? बघा, पोरीने तुमची चौकशी लावलीय!" वफ्राहून आलेल्यांपैकी कोणीतरी मागून म्हणाले, "मग चाचांचं विमान गेलं!" सगळा हॉल हसला. जेवणाच्या वेळी तक्ता भिंतीवर नव्हता.

हसण्यात निदाचा किंवा माझा सहभाग नव्हता. निदाला लोक का हसले तेच कळले नाही. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "I only wrote what's true." त्या दिवसापासून काल रात्रीपर्यंत तिने मराठीत एक अक्षर लिहिले नव्हते.

५. यानंतर जे झाले ते तारखेनुसार देत आहे. आमच्याकडे एखादा नमुना हातातून हातात जातो तेव्हा आम्ही अशीच नोंद ठेवतो.

१४ डिसेंबर : विभाग प्रमुख सौ. सुचित्रा पेडणेकर यांना अर्ज. उत्तर : "असमाताई, मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे, पण माझ्या हातात काय आहे? मी फक्त वर्गणीची आठवण करणारी बाई."

२१ डिसेंबर : सचिवांना अर्ज. उत्तर : तक्ता ही प्रदर्शनातील वस्तू असल्याने ठरावाशिवाय हलवता येत नाही. (ठरावाशिवाय ती भिंतीवरून हलली होती, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. सचिव म्हणाले, "ते वेगळं.")

२८ डिसेंबर : कार्यकारिणीला अर्ज. २ जानेवारीच्या बैठकीत ठराव झाला की विषय नाजूक असल्याने मातृसंस्थेचे मार्गदर्शन मागवावे.

१२ जानेवारी : मातृसंस्थेचे उत्तर. पूर्ण मजकूर : "मुलीचा तक्ता तात्काळ परत द्यावा."

महोदय, चौदा वर्षांच्या सभासदत्वात मी मातृसंस्थेचे इतके स्पष्ट पत्र पाहिले नव्हते. मला वाटले, विषय संपला.

६. १६ जानेवारीच्या बैठकीला मी मागच्या रांगेत हजर होते. प्रथेप्रमाणे पत्र वाचताना सर्व उभे राहिले. वाचून झाल्यावर आपण ते पत्र कपाळाला लावलेत आणि म्हणालात, "मातृसंस्थेचा शब्द आम्हाला शिरसावंद्य आहे. मात्र इथली परिस्थिती बघता अंमलबजावणी तूर्त स्थगित." त्यावर टाळ्या झाल्या.

तक्त्याच्या उजवीकडील पहिली चौकट कृपया पुन्हा वाचावी. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. एखादे विधान तपासायला घेतले आणि तपासणाऱ्याच्याच हातून ते सिद्ध झाले, तर ते कळवणे मला माझ्या पेशाने शिकवले आहे.

आपण फोनवर "लेखी द्या" म्हणालात, म्हणून १८ जानेवारीला मी थेट आपल्याकडे अर्ज केला. उत्तर नाही. "इथली परिस्थिती" म्हणजे काय, हेही मला कोणी सांगितलेले नाही. मी रागावलेली आहे. अर्जात असे लिहिण्याची पद्धत नाही, तरी लिहीत आहे.

७. काल शुक्रवारी मी आपल्या घरी आले होते. आपण बाहेर गेला होता. खतिजाभाभींनी चहा दिला. दिवाणखान्यात कार्गोची एकवीस खोकी होती, सर्वांवर क्रमांक होते. भाभींच्या परवानगीनेच पुढील मजकूर देत आहे. त्या म्हणाल्या, "तू कशाला गं अर्जावर अर्ज करतेस? तो कागद काय मंडळाकडं नाय. गालिच्यात गुंडाळून ठेवलाय ह्यांनी, सतरा नंबर. पॅक केला तरी दोनदा परत उघडून बघितला. मी म्हटलं, पोरीचा आहे तो, द्या. तर म्हणतात कसे, राहू दे, गावाला लावीन."

मी विचारले, इतका राग आहे तर लावायचा कशाला?

भाभी हसल्या. "राग कसला! फोटोखालचं वाचतात गं."

ज्या दोन ओळी मला आठवत नव्हत्या त्या भाभींना पाठ होत्या : "करोनात कामगारांची मेहबूला वस्ती बंद होती तेव्हा चाचा रोज गाडीने जाऊन कुंपणापलीकडच्या लोकांना खुबूसच्या रोट्या आणि दूध द्यायचे. मी मागच्या सीटवर होते."

महोदय, तेव्हा निदा नऊ वर्षांची होती. आपण तिला पिशव्या मोजायला नेत होतात, हे मी विसरले होते. ती विसरली नाही. मंडळाच्या तेरा स्मरणिकांत आपले फोटो आहेत. त्यांपैकी एकाही फोटोखाली मेहबूलाचा उल्लेख नाही. काल घरी जाऊन मी सर्व तेरा तपासल्या.

८. तेव्हा "इथली परिस्थिती" मला आता समजली आहे. ती समजल्याने तारखा मात्र बदललेल्या नाहीत. आपले सामान बुधवारी, २८ जानेवारीला जहाजाकडे जाते. शाळेची मुदत रविवारी संपते. सतरा क्रमांकाचे खोके एकदा गेले की मुंबईच्या बंदरात उघडेल, आणि दहावीचे वीस गुण तोवर थांबणार नाहीत. तक्त्याचा हक्क निदाचा आहे. तो ज्याला आवडला त्याचा होत नाही.

९. म्हणून विनंती अशी की, मंगळवारी संध्याकाळपर्यंत तक्ता परत द्यावा. ठराव नको, पत्र नको, कपाळाला लावणे नको. मी स्वतः येईन, गालिचा उलगडायला मदत करीन आणि पुन्हा गुंडाळून देईन. शाळेने गुण देऊन तक्ता परत केल्यावर तोच मूळ तक्ता चौकट करून आपल्या गावच्या पत्त्यावर पाठवण्यास निदा तयार आहे. हे तिने स्वतः सुचवले, मी नाही.

१०. काल रात्री मी तिला सगळे सांगितल्यावर तिने सहा आठवड्यांनंतर प्रथमच एक चिठ्ठी मराठीत लिहिली. ती शेवटच्या चौकटीखाली चिकटवायची आहे. सोबत जोडली आहे. मी त्यात एक अक्षरही बदललेले नाही.

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला आपल्या दाराशी येणारी,

असमा साबीर मुकादम
सभासद क्र. ३१२, हवल्ली

सोबत :
१) चारही अर्जांच्या प्रती.
२) मातृसंस्थेच्या पत्राची प्रत.
३) निदाची चिठ्ठी, एक. मजकूर : "व्हाइसरॉय इम्तियाज चाचा यांची चौकशी झाली. मेहबूलाचे लोक : खूश. वफ्राचे काका लोक : मत द्या म्हणतात. निदा मुकादम : एक तक्रार. तक्ता दिला की तीही नाही. मग चाचा गाव सोडू शकतात, पण मला आवडणार नाही."